रडणारे बाळ आणि सव्वा महिन्यानंतरची आई

(संस्थेच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाविषयी बोलतो. यंदाचा ताळेबंद याच अहवालाच्या अखेरच्या पानांवर छापलेला आहे. तो आपण अवश्य पाहावा आणि काही विचारावेसे वाटल्यास माझ्या कार्यालयात यावे. आज मात्र अध्यक्षांच्या अनुमतीने मी अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे, ज्याला आमच्या खतावणीत स्वतंत्र पान नाही. विषय आहे सतत रडणाऱ्या तान्ह्या बाळाचा आणि त्याला शांत करण्यासाठी डॉक्टरी औषधांच्या जोडीने घरोघरी जे उपाय केले जातात, त्यांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकातले जे काही सांगेन ते आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलेले आहे. त्यावरची मते माझी आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाराच्या सुमारास पहारेकऱ्याने मला निवासस्थानातून बोलावून घेतले. दाराशी एक तरुण स्त्री रिक्षातून एकटीच आली होती. तिने सात आठवड्यांचे बाळ पहारेकऱ्याच्या हातात दिले होते आणि म्हणाली होती, “दादा, याला जरा धरा. माझ्या हातून काहीतरी होईल.” एवढे बोलून ती बाकावर बसली आणि बसल्याबसल्या झोपी गेली. पहारेकरी बिचारा घाबरून गेला होता. रडणारे बाळ हातात घेऊन फाटकापाशी येरझारा घालण्याचा प्रसंग त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला होता.

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी बाळाला तपासले. वजन उत्तम, ताप नाही, पोट मऊ, लघवी-शौच व्यवस्थित. केसपेपरवर लिहिण्यासारखे काही नव्हते आणि बाळ तर आभाळ फाडल्यासारखे रडत होते. वॉर्डातल्या एका जुन्या परिचारिकेने त्याला खांद्यावर घेतले आणि दोन तास व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. आई सकाळी साडेचारपर्यंत झोपली. उठल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे क्षमा मागितली. तिच्या पिशवीत काय होते ते मी पाहिले, कारण माझी सवय वस्तूंची यादी करण्याची आहे: पोटाच्या थेंबांच्या तीन निरनिराळ्या बाटल्या, ग्राइप वॉटर, गुटीच्या मुळ्यांची पुरचुंडी, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांची कुपी, हिंगाची डबी, अंगारा आणि मनगटाला बांधण्याचा काळा दोरा. त्या रात्रीचे आमचे बिल केसपेपरच्या शुल्काइतके झाले. तिच्या पिशवीतल्या वस्तूंची किंमत त्याच्या कितीतरी पट होती आणि तिला उपयोग झाला तो चार तासांच्या झोपेचा.

या रडण्याला वैद्यकात कॉलिक म्हणतात, आपल्याकडे पोट दुखते आहे, मुरडा आला आहे असे म्हणतात. १९५४ साली वेसेल या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जी व्याख्या केली ती हिशेबनिसाला आवडावी अशी आहे: अन्यथा निरोगी असलेले बाळ दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक, आणि असे तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल तर ते कॉलिक. पुढे १९६२ साली ब्रेझल्टन यांनी ऐंशी मातांना बाळाच्या रडण्याची रोजनिशी ठेवायला सांगितली. त्यांत कॉलिकची म्हणून निवडलेली बाळे नव्हती, सर्वसाधारण घरांतली निरोगी बाळे होती. तरीही दुसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेदोन तास असलेले रडणे सहाव्या आठवड्यात पावणेतीन तासांपर्यंत चढते आणि मग उतरू लागते, असे दिसले. बहुतेक बाळांचे हे रडणे तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. ते दिवसभर सारखे विखुरलेले नसते, संध्याकाळी एकवटते. आपल्या आजीला हे सांगायला कोणा परदेशी डॉक्टरांची गरज नव्हती. तिन्हीसांजेला बाळ किरकिरते, दिवेलागणीला त्याला बाहेर नेऊ नये, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावी, हे सारे त्याच निरीक्षणातून आलेले आहे. कारण तिने वेगळे मानले असेल, पण वेळ तिने अचूक हेरली होती.

आता एक तारीख लक्षात घ्यावी. रडण्याचा कळस सहाव्या आठवड्याला. आपल्याकडे बाळंतिणीची शेकशेगडी, बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई, आईची आई, डिंकाचे लाडू, हे सारे संपते कधी? सव्वा महिन्याला, म्हणजे पाच-साडेपाच आठवड्यांनी. ज्या आठवड्यात बाळ सर्वांत जास्त रडते, त्याच सुमारास घरातली मदतीची माणसे निरोप घेतात. एकत्र कुटुंबात याने फारसे बिघडत नसे, कारण बाई गेली तरी काकू, आत्या, मोठ्या जावा होत्याच. आज दोन खोल्यांच्या घरात नवरा कामावर गेला की आई आणि बाळ दोघेच उरतात. ती स्त्री आमच्या दाराशी आली तेव्हा तिच्या आईला गावी परतून नऊ दिवस झाले होते.

म्हणून उपायांचा विचार करताना मी माझ्यापुरती एक साधी विभागणी केली आहे. एका बाजूला बाळाच्या पोटात जे जाते ते, दुसऱ्या बाजूला बाळाच्या अंगाला जे लागते ते. जमा आणि नावे यांसारखेच हे आहे. रक्कम चुकीच्या बाजूला पडली की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

पोटात जाणाऱ्या गोष्टींत पहिला मान गुटीचा. माझी आई रोज सकाळी न्हाण्याआधी सहाण घेऊन बसे. हिरड्याचा एक वेढा, मुरुडशेंगेचे दोन, वेखंडाचा अर्धाच, ज्येष्ठमध, हळकुंड, सुंठ, जायफळाचा केवळ स्पर्श. बाळाला शौचाला साफ झाले नसेल तर हिरडा वाढे, पातळ झाले असेल तर जायफळ वाढे. मला त्यात आज जे महत्त्वाचे वाटते ते निराळेच आहे. गुटी उगाळण्यासाठी घरातल्या अनुभवी बाईला रोज बाळाचे पोट, शौच, जीभ, डोळे पाहावे लागत. ती रोजची तपासणी होती. आता मुळ्यांची पुडी दुकानातून येते, तिच्यात काय आहे ते घेणाऱ्यालाच नव्हे तर विकणाऱ्यालाही नीट माहीत नसते, सहाण उकळून घेतली जात नाही, आणि तपासणी करणारी नजर तर घरात उरलेलीच नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला आहे. गुटीविषयी मला जिव्हाळा आहे. तरीही आमच्या प्रसूती विभागात आम्ही तिला अनुमती देत नाही, आणि हा निर्णय योग्यच आहे. मध चाटवण्याचेही तसेच. एक वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम हा घातक विकार होऊ शकतो.

ग्राइप वॉटरला घरोघरी डॉक्टरी औषधाचा मान आहे. त्याचा जन्म १८५१ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याच्या हातून झाला. मूळ मिश्रणात सोडा, साखर, शेपेचे तेल आणि मद्यार्क होता. मद्यार्क पुढे वगळला गेला. शेप म्हणजे आपला बाळंतशेपा! जो आपल्या बाळंतिणीला जेवणानंतर भाजून खायला मिळत होता, तोच विलायतेहून बाटलीत बसून बाळासाठी परत आला. बाळंतशेपा आईने खावा, त्याला कोणाची हरकत नाही. वायू सरण्यासाठी दिले जाणारे सिमेथिकोनचे थेंब १९९४ साली काटेकोर चाचणीत तपासले गेले, तेव्हा ते निव्वळ बनावट थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. डायसायक्लोमिन असलेले थेंब मात्र सहा महिन्यांखालील बाळाला कदापि देऊ नयेत, त्याने श्वास अडखळण्याचा धोका असतो. दुकानदाराने दिले म्हणून घेतले, हे उत्तर आमचे डॉक्टर वारंवार ऐकतात. अलीकडे लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या उपयुक्त जिवाणूच्या थेंबांची चर्चा आहे. २००७ साली इटलीतील अभ्यासात त्यांचा गुण दिसला, २०१४ साली ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत दिसला नाही, २०१८ साली सर्व चाचण्या एकत्र पाहता अंगावर पिणाऱ्या बाळांत थोडा उपयोग आढळला. आमच्या भाषेत ही रक्कम अजून उचंत खात्यावर आहे. डॉक्टरांनी सांगितले तर द्यावे, शेजारणीने सांगितले म्हणून देऊ नये.

बाळाला गप्प करण्याच्या गरजेपोटी माणसे कुठवर गेली, याचीही आठवण ठेवली पाहिजे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांची जी सरकारी पाहणी झाली, तीत तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देण्याची प्रथा सर्रास असल्याचे नोंदले गेले. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळी सुरू होण्याचा भोंगा झाल्यावर बाळ कोणापाशी ठेवायचे, याला त्यांच्याकडे दुसरे उत्तर नव्हते. मेळघाटात बाळाचे पोट फुगले, ते रडू लागले की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देण्याच्या ‘डंबा’ नावाच्या प्रथेची प्रकरणे २०२५ सालीही वृत्तपत्रांत आली. त्या बातम्या वाचून आपण हळहळतो आणि अशा आयांना अडाणी म्हणून मोकळे होतो. मला मात्र प्रत्येक वेळी वाटते की चटका देण्यापूर्वीच्या तीन रात्री त्या घरात कोण कोण जागे होते, हे कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

आता दुसरी बाजू, अंगाला लागणाऱ्या उपायांची. येथे आपल्या परंपरेकडे खरी श्रीमंती आहे. फ्रेदेरिक लबॉये हे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ कोलकात्यात एका आईला पायांवर बाळ घेऊन मालीश करताना पाहून इतके भारावले की त्यांनी त्यावर छायाचित्रांचे पुस्तकच काढले. १९७६ साली प्रसिद्ध झालेले ‘शांतला’ ते हेच. पाश्चात्त्य देशांत बाळांच्या मालिशीचे जे वर्ग चालतात, त्यांच्या प्रसारात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे ही विद्या न्हाऊ घालणाऱ्या बायकांच्या हातांत होती आणि तिला आपण कधी विद्या म्हटले नाही. मालिशीने कॉलिक बरे होते असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असे आमचे डॉक्टर म्हणतात. परंतु हळुवार मालिशीने अपाय नाही, बाळाला झोप लागते आणि तेवढा अर्धा तास आईला जेवता येते. माझ्या लेखी शेवटचा मुद्दा पहिल्या क्रमांकाचा आहे.

काही सवयी मात्र सोडल्याच पाहिजेत. नाकात आणि कानात तेल घालू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. टाळूवर तेल लावावे, थापटून ‘भरू’ नये. बंद खोलीत निखाऱ्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देऊ नये, कारण कोळशाचा वायू विषारी असतो आणि तान्ह्याची श्वासनलिका नाजूक. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढावी, मिरच्या दाराबाहेर जाळाव्यात.

कडेवर घेतल्याने मूल हाताला सोकावते, असे आपण सर्वांनी ऐकले आहे. १९८६ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हुंझिकर आणि बार यांनी काही मातांना बाळ रोज किमान तीन तास अधिक वेळ, ते रडत नसतानाही, अंगाशी धरायला सांगितले. सहाव्या आठवड्यात त्यांच्या बाळांचे रडणे आणि किरकिर इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरली. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की ज्या बाळांना कॉलिक सुरू झालेलेच होते त्यांच्यावर १९९१ साली हाच प्रयोग केला, तेव्हा फरक दिसला नाही. पण सोकावण्याची भीती निराधार आहे एवढे तरी त्यातून निश्चित होते. मात्र रोज तीन तास जास्तीचे हात आणायचे कोठून?

येथे एक सावधगिरी. सगळे रडणे कॉलिकचे नसते. दोन वर्षांपूर्वी दोन महिन्यांचा एक मुलगा आमच्याकडे आला. तो दोन दिवस रडत होता आणि घरात हिंगाचा लेप, थेंब, दृष्ट, सारे करून झाले होते. तिसऱ्या सकाळी न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी लंगोट सोडला, जांघेतली सूज पाहिली, आणि “आज मी याला पाणी घालणार नाही, आधी दवाखान्यात न्या” असे म्हणून त्या उंबरठ्यात बसून राहिल्या. हर्निया अडकलेला होता. दुपारी शस्त्रक्रिया झाली, आतडे वाचले. त्या बाईंचे नाव आमच्या कोणत्याही नोंदीत नाही, याची मला खंत आहे. ताप असेल (तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक), बाळ दूध ओढत नसेल, हिरवी उलटी, शौचात रक्त, मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळणे, मलूलपणा, किंवा रडण्याचा सूर एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही दिसल्यास एकही घरगुती उपाय न करता रुग्णालयात यावे. हाताच्या व पायाच्या बोटांना केस गुंडाळला गेला आहे का, हेही पाहावे. आणि बाळाला कधीही, कितीही संताप आला तरी, गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. सहनशक्ती संपली तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवावे, दार लोटावे आणि पाच-दहा मिनिटे अंगणात उभे राहावे. असे करणारी आई वाईट नसते.

आईविषयी आणखी थोडे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे त्यात आढळले. सहा ते आठ आठवडे: पुन्हा तोच काळ! गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगाच हवा ही घरची अपेक्षा यांनी ते नैराश्य अधिक वाढते, असेही त्यांनी दाखवले. अशा आईला बाळाचे रडणे हा स्वतःवरचा आरोप वाटू लागतो. तिच्यासाठी आमच्याकडे आजवर थेंबांची बाटली लिहून देण्यापलीकडे काही नव्हते.

यावर आमच्या परिचारिकांनी एक प्रस्ताव तयार केला आहे आणि तो मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. पहिल्या मजल्यावरची जुन्या कागदपत्रांची खोली संगणकीकरणामुळे रिकामी झाली आहे. तेथे रोज सायंकाळी पाच ते रात्री दहा विसावा कक्ष चालवावा. चौथ्या ते सोळाव्या आठवड्यातील बाळांना प्रथम डॉक्टरांनी तपासावे. आजार नसल्याची खात्री झाल्यावर गावातल्याच अनुभवी, आमच्याकडे स्वच्छतेचे प्रशिक्षण घेतलेल्या दोन बायकांनी बाळाला घ्यावे, मालीश करावे, फिरवावे, आणि आईने शेजारच्या खोलीत झोपावे. बाळाला पाजण्यासाठी तेवढे उठवावे. ज्या मातांचा चेहरा परिचारिकेला काळजीचा वाटेल त्यांना समुपदेशकांकडे न्यावे. सोबत येणाऱ्या सासूबाईंना आणि नवऱ्यालाही बाळ कसे धरावे ते शिकवावे. नवऱ्यांना शिकवणे अधिक जड जाईल असा परिचारिकांचा अंदाज आहे.

विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी बैठकीत विचारले की रुग्णालयाने पाळणाघर का चालवावे. प्रश्न रास्त आहे आणि तो त्यांनी संस्थेच्या पैशाच्या काळजीपोटीच विचारला. मी त्यांना त्या रात्रीची हकीकत सांगितली, आणि बाळ पहारेकऱ्याच्या हातात आले म्हणून ते आपल्या अपघात विभागात आले नाही, एवढेच म्हणालो. त्यांनी अंदाजपत्रक मागवून घेतले आहे. निर्धन रुग्ण निधी उपचारांच्या बिलांसाठी राखीव असल्याने हा खर्च त्यातून करता येणार नाही. त्यासाठी स्वतंत्र देणग्या लागतील. त्यात सर्वांत मोठी बाब त्या दोन बायकांच्या मानधनाची आहे आणि ते परिचारिका-साहाय्यकांच्या मानधनाहून कमी असू नये, असा माझा आग्रह आहे.

त्या रात्री आलेल्या आईचे बाळ आता रांगते. ती मध्यंतरी येऊन भेटली आणि कक्ष सुरू झाल्यास आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन बाळे घेईन, असे सांगून गेली. बाकीचे सामान फारसे नाही: चार गाद्या, दोन हातांच्या खुर्च्या, दाराशी हात धुण्याची सोय, स्वच्छ पंचे, खोबरेल तेल आणि मंद दिवे. भिंतीवर घड्याळ मात्र लावू नये, असे परिचारिकांनी यादीच्या शेवटी लिहून दिले आहे.